शेक-शेगडी

डोंबिवलीत ‘ग्रिल’ म्हटलं की माणूस खिडकीकडे बघतो. खिडकीला ग्रिल असतं, गॅलरीला ग्रिल असतं, आणि ज्याची ऐपत जरा वाढली त्याचं ग्रिल भिंतीबाहेर दीड फूट येऊन त्याचं ‘बॉक्स ग्रिल’ होतं. त्यात तुळस, कोरफड, मुलाची लहानपणची सायकल आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेला पाइपचा तुकडा अशी सगळी मंडळी सुखाने नांदतात. त्यामुळे एका शनिवारी रात्री जेवताना चिरंजीव म्हणाले, “बाबा, उद्या आपण घरी ग्रिल करू या,” तेव्हा मी सरळ म्हणालो, “आता काय करायचंय त्याला? दिवाळीत रंग दिलाय की.”

मग खुलासा झाला. त्याला स्टेक ग्रिल करायचा होता. पुरावा म्हणून त्याने मोबाइल माझ्या ताटाशेजारी उभा केला. पडद्यावर एक दाढीवाला गृहस्थ हिरवळीवर उभा होता. त्याच्या एकट्याच्या हिरवळीत आमची सोसायटी, शेजारची सोसायटी आणि मधला वादग्रस्त बोळ आरामात बसला असता. त्याने वहीएवढा, दोन बोटं जाड मांसाचा तुकडा जाळीवर टाकला. चर्र झालं. तुकडा उलटला, पुन्हा चर्र झालं. मग त्याने तो खाली काढून ठेवला आणि कापायच्या आधी त्याला दहा मिनिटं विश्रांती दिली. विश्रांती! आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईला ती मिळत नाही. माझ्या मनात आलेलं हे वाक्य माझ्या बायकोने मोठ्याने म्हटलं.

खुर्चीतून आईचा आवाज आला, “कुणाला शेक द्यायचाय?”

आईला एका कानाने कमी ऐकू येतं आणि दुसऱ्या कानाने तिला हवं तेवढंच.

“शेक नाही आजी, स्टेक!”

“तेच ते. कंबर धरली असेल तर माळ्यावर शेगडी आहे, ती काढा. त्या रबरी पिशवीने काही होत नाही.”

अशा रीतीने, एका अक्षराच्या घोटाळ्यातून, आमच्या घरच्या बार्बेक्यूचा सगळ्यात अवघड प्रश्न चुटकीसरशी सुटला. शेगडी घरातच होती.

ही शेगडी साधी नाही. थोरलीच्या वेळचं बाळंतपण रीतीप्रमाणे बायकोच्या माहेरी झालं. धाकट्याच्या वेळी सासूबाई आजारी, म्हणून ते आमच्याकडे झालं, आणि आईने खास शेक-शेगडीसाठी ही आणवली. पत्र्याची बुटकी बादली, आतून मातीचा लेप, मध्ये जाळी, खाली राख ओढायला चौकोनी खिडकी. सव्वा महिना ती बाळंतिणीच्या बाजेखाली धुमसत होती. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग पडायचं आणि सगळ्या मजल्याला कळायचं की आत बाळाची न्हाणी आटोपली. बाळाला त्या धुरावर धरायचे. आता डॉक्टर सांगतात की तान्ह्या बाळाजवळ धूर नको, आणि ते बरोबरच आहे. पण तेव्हा आईला हे सांगायची ना डॉक्टरची छाती होती, ना माझी. म्हणजे जो मुलगा आज मला उलटण्या-पालटण्याचं शास्त्र शिकवत होता, तो स्वतः याच शेगडीवर दोन्ही बाजूंनी व्यवस्थित शेकून निघाला होता. हे मी त्याला सांगितलं. त्याला ते फारसं आवडलं नाही.

‘उद्या’चे अर्थातच तीन रविवार झाले. गच्ची सोसायटीची, आणि गच्चीवर काहीही पेटवायचं म्हणजे कमिटी आली. सेक्रेटरींनी विचारलं, “होम आहे का?” होम असता तर लगेच परवानगी होती. होमाच्या जवळपास जाणारं आहे, असं मी मोघम सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी धुराची हरकत घेतली. मला जरा गंमत वाटली. या गावात २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला, २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, आणि वारा फिरला की रात्री कसला वास आहे यावर आम्ही खिडक्यांतून एकमेकांशी चर्चा करतो. त्या गावात माझ्या ओंजळभर कोळशाला प्रदूषण म्हणायचं! पण काकूंशी वाद घालून या इमारतीत आजवर कुणी जिंकलेलं नाही. शेवटी ‘वाळत घातलेले कपडे काढल्यानंतर, म्हणजे संध्याकाळी सहाच्या पुढे’ यावर तडजोड झाली.

मधल्या काळात मी वाचन वाढवलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस दुसरं काय करणार? कचेरी ठाण्यात, आणि ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय. जेवणाच्या सुट्टीत तिथे डोकावायची सवय जुनीच. स्टेक हा शब्द इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ सळईला टोचून भाजलेलं मांस, हे कळल्यावर मला एकदम हायसं वाटलं. कारण सळईवरच्या मांसाला संस्कृतात शूल्य म्हणतात आणि शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात विदूषक त्याच्याच नावाने रडतो. राजाला शिकारीचा नाद, त्यामुळे जेवणाला वेळ-काळ नाही आणि पानात बहुतेक भाजलेलं मांसच. माझ्या मते त्याची खरी तक्रार चवीविरुद्ध नव्हतीच, वेळेविरुद्ध होती. सहा बावन्नची गाडी चुकली की माझीही तीच असते.

मग हाती आला मानसोल्लास. बाराव्या शतकातला, ११२९ च्या सुमाराचा ग्रंथ. याच ग्रंथात मराठीतल्या फार जुन्या पद्यरचनेचे काही तुकडे सापडतात, म्हणून भाषेचे अभ्यासक त्याला मान देतात. पण त्यात ‘अन्नभोग’ नावाचा भाग आहे, आणि तिथे सळईवर टोचून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या कृती आहेत. शेतातल्या उंदरांचीही आहे, पण ती मी घरी सांगितली नाही. ग्रंथकर्ता कोण, तर राजा सोमेश्वर तिसरा, राजधानी कल्याण. कल्याण! म्हणजे दहा मिनिटांवर! मी उभ्या उभ्या ठरवून टाकलं की स्टेक ही मूळची आपली वस्तू असून दुर्गाडीच्या आसपास कुठे तरी तिचा जन्म झाला आहे. पुढच्याच पानावर कळलं की हे कल्याण म्हणजे कर्नाटकात बिदरजवळचं बसवकल्याण. घरी जाताना गाडीत फार उदास वाटलं. कल्याणची म्हणून पकडलेली गाडी भलतीकडेच निघावी, तसं.

त्याच उदासीत एका संध्याकाळी मी मुद्दाम स्लो गाडी धरली आणि मुंब्र्याला उतरलो. पुस्तकं झाली, आता विद्यापीठ. स्टेशनबाहेर सीख कबाबवाला पंख्याने कोळसा फुलवत होता. त्याला विचारलं, पहिल्यांदा भाजणाऱ्याने काय सांभाळावं? त्याने माझ्याकडे, मग माझ्या ऑफिसच्या बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाला, “काका, जाळावर नाय भाजायचं. जाळ संपू द्या. कोळशावर पांढरी राख आली की मगच.” आणि बकऱ्याचं मांस असेल तर कच्च्या पपईचा कीस लावून ठेवा, तासभर, जास्त नको, नाही तर पीठ होईल. पपईच्या चिकात मांसातली प्रथिनं तोडणारं द्रव्य असतं, हे मला माहीत होतं. त्याला त्याचं नाव माहीत नव्हतं, पण वेळ माहीत होती.

घरी येऊन पपईचा विषय काढला तर चिरंजीवांनी हात झटकले. स्टेकला फक्त मीठ आणि मिरी. बाकी काही लावणं हा गुन्हा.

खरा स्टेक असतो गोमांसाचा. महाराष्ट्रात गाय १९७६ च्या कायद्याने वगळली, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही गेले, म्हैस तेवढी राहिली. आमच्या घरात मात्र हा विषय विधिमंडळापर्यंत गेलाच नाही. आईने नुसता चष्मा वर केला. म्हशीचं नाव काढायचं धाडस कुणाला झालं नाही. बकरा ठरला.

आमचा मटणवाला मला तीस वर्षं ओळखतो. अर्धा किलो, मांडी आणि सीना, थोडी चरबी, दोन नळ्या. मी तोंड उघडायच्या आधी त्याचा सत्तूर चालू झालेला असतो. त्या रविवारी मी त्याला थांबवलं आणि दोन बोटांनी जाडी दाखवली. तो बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिला.

“काका, कुत्रा पाळला का?”

रांगेतले चार जण वळून बघायला लागले. मी खालच्या आवाजात सगळी योजना सांगितली. त्याने आतून करवत आणली आणि मांडीचे पाच गोल काप काढून दिले. प्रत्येकाच्या मध्ये नळीचा पांढरा ठिपका. दिसायला देखणे होते, पण वहीएवढे नव्हते, तळहाताएवढे होते. बकऱ्याच्या मांडीकडून किती अपेक्षा करायची? “कुकरला लावा नंतर,” तो पैसे घेताना म्हणाला. मला तेव्हा तो आगाऊपणा वाटला.

कोळशाचं काम फुकटात झालं. आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आता गॅसच्या इस्त्रीवर गेला आहे. त्याच्याकडे अर्धं पोतं लोणारी कोळसा पडून होता, तो त्याने आनंदाने दिला. वर चढवताना जिन्यात काळी रेघ पडली ती तिसऱ्या मजल्यापर्यंत स्पष्ट होती आणि पुढे नाहीशी झाली, कारण तिथे काकू फडकं घेऊन उभ्या होत्या.

संध्याकाळी सहा. जानेवारीचा दुसरा पंधरवडा, अँटेनांना अडकलेले संक्रांतीचे पतंग, आणि डोंबिवलीला वर्षातून आठ दिवस मिळणारी ती थंडी, जिच्यात आम्ही अठरा अंशांना कानटोपी घालतो. मी करवंट्यांचे तुकडे रचले, त्यावर कापूर, वर कोळसा. वारा घालायला जाड लग्नपत्रिकेसारखी वस्तू नाही, हे या निमित्ताने नोंदवून ठेवतो. हल्लीच्या पत्रिकांचा एवढा उपयोग आहे. फुंकर घालताना डोळ्यांत पाणी आलं, नाकात राख गेली, आणि मला विलक्षण मजा येऊ लागली. ज्या माणसाने तीस वर्षांत कधी स्वतःहून चहाचं आधण ठेवलं नाही, तो निखाऱ्यांपुढे उकिडवा बसून कुणालाही हात लावू देत नव्हता. बायको कठड्याला टेकून हे दृश्य पाहत होती. ती काही बोलली नाही. रोज दोन्ही वेळा पोळ्या भाजणाऱ्या बाईचं ते न बोलणं मला नीट ऐकू आलं.

जाळी म्हणून तिच्याच पापड भाजायच्या दोन जाळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. कोळशावर पांढरी राख येईपर्यंत थांबलो, मुंब्र्याच्या गुरूचं स्मरण केलं आणि पहिला काप ठेवला. चर्र झालं! हुबेहूब मोबाइलसारखं. चरबीचा थेंब खाली पडला, जाळ उठला, धुराचा एक लोट वर गेला आणि मग जो वास सुटला त्याला इलाज नव्हता. पाण्याच्या टाकीमागून मुलं आली. समोरच्या इमारतीतल्या बॉक्स ग्रिलांत माणसं येऊन उभी राहिली. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याची भिंत स्वतःची असते, पण वास सार्वजनिक असतो.

“किती शिजलंय ते कळायला थर्मामीटर लागतो,” चिरंजीव म्हणाले. आत पंचावन्न अंशांच्या आसपास गेलं की गुलाबी, रसदार. आमच्या घरात थर्मामीटर एकच, तापाचा. त्याला बेचाळीसच्या पुढे जग माहीत नाही. म्हणून अंदाजाने काढला. विश्रांती दिली. आम्ही सगळे दहा मिनिटं त्या तुकड्याभोवती गप्प उभे होतो, डॉक्टर बाहेर यायची वाट बघावी तसे.

सुरी फिरली. आत गुलाबी रंग होता. जिना चढून खास वर आलेली आई म्हणाली, “कच्चं आहे.”

“आजी, तसंच असतं ते.”

“तसंच असतं म्हणजे कच्चंच असतं.”

आमच्या भाषेची इथे पंचाईत होते. भाजण्याच्या छटांना आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. रवा तांबूस भाजतात, दाणे खमंग, भाकरी खरपूस. त्यापुढे करपणं, होरपळणं आहे, आणि राजकारणात स्वतःची पोळी भाजून घेणंही आहे. पण अलीकडच्या बाजूला मात्र दोनच खोल्या: शिजलं आणि कच्चं. त्यांच्या मधल्या दारात उभं राहणाऱ्या पदार्थाला मराठीत मानाचं नाव नाही, आणि मानाचं नाव नसलेलं काही आई पोटात घालत नाही.

तिला घालावंही लागलं नाही. पहिला घास मी घेतला. चावला. आणखी चावला. दूरवर डोंबिवली स्टेशनातून एक गाडी निघाल्याचा आवाज आला, ती बहुधा कल्याणला पोहोचली असावी, तरी मी चावतच होतो. वातड! चांगल्या मुरलेल्या मराठी शब्दाला पर्याय नसतो. वरून सुंदर, खरपूस, मिऱ्याचा झटका. आत सायकलची ट्यूब. मोबाइलमधला तुकडा असतो तो जनावराच्या पाठीचा, ज्या स्नायूंना आयुष्यभर फारसं काम नसतं असा. आमच्या बकऱ्याची मांडी बिचारी डोंगर चढलेली. तिच्यातले चिवट धागे दहा मिनिटांच्या आचेने आक्रसतात. ओलाव्यात, मंद, तास-दीड तास शिजले तरच ते विरघळून रश्श्याला दाटपणा देतात. मटणवाल्याने हे सगळं तीन शब्दांत सांगितलं होतं.

“आधी कडक आच दिली की रस आत कोंडला जातो,” चिरंजीव अजून लढत होते. ही समजूत लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ च्या पुस्तकातून पसरवली आणि पुढे ती चुकीची ठरली, कोंडलं-बिंडलं काही जात नाही. तरी जगभरचे आचारी आजही मांस आधी कडक आचेवरच टाकतात, कारण वरची साल चवीला अप्रतिम होते. त्याचं कारण १९१२ मध्ये मायार नावाच्या फ्रेंच माणसाने शोधलं: प्रथिनांचे घटक आणि साखर एकशे चाळीस अंशांच्या वर भेटली की तांबूस रंग येतो आणि शेकडो नवे वास जन्माला येतात. हे मी सांगत असताना कुणी ऐकत नव्हतं. आई शेगडीकडे बघत होती.

“एवढा छान विस्तव फुकट घालवू नका,” ती म्हणाली. “कांदे आणा. आणि खोबऱ्याची वाटी.”

पुढची वीस मिनिटं मी बाजूला झालो. आईने स्टूल ओढलं, पदर खोचला, चार कांदे सालीसकट निखाऱ्यांत पुरले आणि सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून वर फिरवू लागली. खोबऱ्याने तेल सोडलं, कडेला निळसर ज्योत धरली, तिने ती फू करून विझवली, वाटी फिरवली, पुन्हा धरली. कांदे बाहेरून कोळसा झाले आणि आत मधासारखे. त्या धुरातून जो वास आला तो मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. फक्त तो शेगडीवर कसा येतो हे मी विसरलो होतो. आणि मला एकदम उजेड पडला की मायारसाहेबांचं सगळं शास्त्र आमच्याकडे वाटणात आहे. तो दाढीवाला मांस भाजतो. आम्ही कांदा-खोबरं भाजतो, आणि मांसाला त्यात निवांत शिजू देतो. आमच्या बकऱ्याची मांडी बघता हे अगदी शहाणपणाचं आहे. तसं पाहिलं तर निखाऱ्याशी आमचं वैर कधी नव्हतंच. पुणे-सोलापूरकडे याच दिवसांत आगटीतला हुरडा चालू असतो, जळगावकडे भरताचं वांगं कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात, रायगडात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात गुंडाळून मडक्यात पोपटी लावतात. आग बाहेर, हिवाळ्यात, चार माणसं भोवती, हे सगळं आमच्याकडेही आहे. आम्ही फक्त तिच्यावर मिऱ्यांऐवजी गप्पा टाकत आलो.

बायको पाचही काप घेऊन खाली गेली. पाटा नाही, मिक्सर. पण वाटण तेच. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या. त्यातल्या तीन काकूंनी मोजल्या, कारण चौथीच्या आत त्या भांडं घेऊन दारात होत्या. “धुराचं काही नाही हो,” त्या म्हणाल्या, “तुमचा तो वास नातवाला आवडला.” नातू त्यांच्यामागे, त्याच्यामागे सेक्रेटरी, त्यांच्या हातात डबा, चेहऱ्यावर होमाचा प्रसाद घ्यायला आल्याचा भाव.

रात्री साडेदहाला जेवायला बसलो. विदूषक असता तर त्याने वेळेवरून पुन्हा बोंब मारली असती. काप मऊ झाले होते, नळीतला मगज सुटला होता, आणि निखाऱ्यावरची खरपूस कड रश्श्यातही जरा जाणवत होती, तेवढं श्रेय चिरंजीवांचं. त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि मोबाइल उपडा ठेवला.

“शेगडी थंड झाली की नीट पुसून परत माळ्यावर ठेव,” आई त्याला म्हणाली. “आणि लेप तडकलाय, तो करून घ्यायला हवा. मी काही फार थांबायची नाही.”

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तो कानापर्यंत लाल झाला.

“आता शिजला,” आई म्हणाली, आणि ताक मागितलं.